लाईट गेली की बोलू

माझं काम ऐकण्याचं आहे. म्हणजे कागदोपत्री मी सॉफ्टवेअरवाली, पण कुणी विचारलं की मी सरळ सांगते, ऐकते. पार उत्तरेला, जिथं समुद्र वर्षातले बरेच महिने गोठलेला असतो, तिथं तळाशी एक पाण्यात चालणारा माईक ठेवून येतात. तो वर्षभर तिथं अंधारात पडून राहतो. पुढच्या उन्हाळ्यात बर्फ फुटला की बोट जाऊन त्याला वर काढते, आणि त्यानं जे जे ऐकलं ते सगळं व्हँकुव्हरला आमच्या ऑफिसात येतं. मग आमचा प्रोग्रॅम त्यातून सील कुठला, देवमासा कुठला, जहाज कुठलं ते ओळखायला बसतो. प्रोग्रॅम गोंधळला की माणसाच्या कानाला बोलावणं येतं. ते कान माझे.

मी स्वतः तिकडे कधीच गेले नाही. थंडीत बोटं बधिर होणं, पांढरं अस्वल, हे सगळं माझ्यासाठी फोटोतलंच. पण डोळे मिटून हेडफोन लावले की मी तिथेच असते. वर बर्फाचं जाड छत आणि खाली मी. बर्फ कुठंतरी लांब तडकतो, त्याचा आवाज तार ताणल्यासारखा येतो आणि मग विरतो. दाढीवाला सील वरच्या पट्टीत शीळ घालायला लागतो आणि ती शीळ गिरक्या घेत घेत खाली येते, इतक्या सावकाश की ऐकताना माझी मान आपोआप खाली जाते. बेलुगा, म्हणजे ते पांढरे छोटे देवमासे, कायम गप्पांत. शिट्ट्या, चिवचिव, दार करकरल्यासारखं काहीतरी. हातातला चहा गार होतो आणि मला कळत नाही.

नवरा नागपूरचा. तो हेडफोन उचलून म्हणतो, "तू दिवसभर मासे ऐकून राहिली, अन् मी हाक मारली तर ऐकू येत नाही तुला." मी म्हणते, ते मासे नाहीत, आणि तुझ्या हाकेत नवीन काय असतं? त्याचं म्हणणं खरं होतं, हे मला नंतर कळलं. त्याला मात्र मी ते अजून सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल.

मग जहाज येतं. उन्हाळ्यात बर्फ हटला की पाणी मोकळं होतं, आणि हल्ली ते जास्त मोकळं होतं, जास्त दिवस राहतं. मग जहाजं येतात, कुणाचं सामान घेऊन, कुणाचं खनिज न्यायला. कधी पुढे बर्फ फोडणारी बोट असते. कानाला ते फार आधी कळतं. नुसती एक गुणगुण, पाण्याच्या बुडातून. मग ती घरघर होते, आणि मग दुसरं काहीच उरत नाही. स्क्रीनवर आवाजाचं चित्र दिसतं. त्यात खालून एक जाड काळा पट्टा वर चढत येतो आणि वरच्या नाजूक रेघा एकेक करून पुसतो. जहाज जवळ आलं की बेलुगा गप्प होतात. काही निघून जात असतील, काही तिथंच थांबत असतील, ते माईकला दिसत नाही. त्यांची पिल्लं आईच्या अंगाला लागून पोहतात आणि सतत बारीक आवाज देत असतात, मी इथं आहे, मी इथं आहे. तो आवाज मोठ्यांच्या आवाजापेक्षा कितीतरी हलका असतो, म्हणून तोच सगळ्यात आधी बुडतो. असं काही ऐकलं की मला राग येतो, आणि राग कुणावर काढायचा ते कळत नाही. माझ्या घरातला टीव्ही, सोफा, मुलीची सायकल, सगळं जहाजातूनच आलेलं आहे.

जहाज गेल्यावर बराच वेळ काहीच नसतं. आणि मग एक शिट्टी. मग दुसरी. मग सगळे एकदम बोलायला लागतात.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच हसले होते. कारण हे मला चांगलं माहीत होतं. असं आमच्या गल्लीत व्हायचं, लाईट गेल्यावर.

मी इचलकरंजीची. आमच्या घराला लागूनच मागांचं खातं होतं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या मागांची शेड. मधे एक भिंत, आणि भिंतीपलीकडे बाबांचे चार माग, त्यांच्या पलीकडे शेजाऱ्यांचे, त्यांच्या पलीकडे आणखी कुणाचे. खटक-खटक-खटक. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. दिवसा तेच, रात्री तेच. आई खात्यातच एका कोपऱ्यात बसून कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या त्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायची. तिथं आवाज चढवून बोलायचा काही उपयोग नसे. माणसं ओठांनी बोलत. आवाज काढायचाच नाही, नुसतं तोंड नीट हलवायचं, आणि समोरच्यानं ओठ वाचायचे. जेवायला चल, सूत संपलं, पोरगीला ताप आहे, असं सगळं. मी बोलायला शिकले त्याच्या आसपासच हेही शिकले असेन, कारण शिकल्याचं मला आठवत नाही.

पण ओठांनी कामापुरतं बोलता येतं. मनातलं बोलायला लाईट जावी लागायची. लाईट गेली की सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबत, आणि कानात नुसतं सूं व्हायचं. मग कुणीतरी खोकायचं. मग दारादारातून माणसं बाहेर येत आणि बोलायला लागत. आई तर राखूनच ठेवायची. मी काही विचारलं की ओठ हलवायची, "लाईट गेली की बोलू." माझ्या मावशीचं लग्न मोडलं ते मला लाईट गेल्यावर कळलं. मी पुण्याला शिकायला जायचं का नाही, ते आईबाबांनी लाईट गेल्यावर ठरवलं, पायरीवर बसून, आणि बोलणं अर्धं झालं असताना लाईट आली. माग सुरू झाले. आई उठून कांड्यांकडे गेली. उरलेल्या अर्ध्यासाठी मी दोन दिवस वाट बघत तळमळत होते.

आता बाबा नाहीत. माग भंगारात गेले. आई त्या घरात एकटी राहते, खात्याच्या रिकाम्या जागेत पापड वाळवते. मी तिला व्हँकुव्हरला आणलं ते उन्हाळ्याच्या शेवटी. परतीचं तिकीट डिसेंबरचं होतं. ते काढताना मी मनात म्हटलं होतं, हे आपण कॅन्सल करणार.

आल्या आल्या तिची पहिली तक्रार होती की इथं झोप लागत नाही. "काय वाजतच न्हाई गं इथं. माणसं मेल्यावाणी गप." मी म्हटलं, आई, फ्रिज वाजतो, हीटर वाजतो, शेजारी टॉवरचं बांधकाम चालू आहे, तिथली क्रेन दिवसभर कुरकुरते. ती म्हणाली, "आसंल." खिडकीतून खाडी दिसते आणि खाडीत नांगरलेली जहाजं. ती तासन्‌तास त्यांच्याकडे बघत बसायची, लसूण सोलत. काचेमागून ती जहाजं अगदी गरीब दिसतात, बसल्या म्हशींसारखी. मी तिच्या मागे टेबलावर हेडफोन लावून बसायचे, आणि माझ्या कानात तसलंच एखादं जहाज बर्फाच्या कडेनं घरघरत जात असायचं. ते दिवस आठवले की मला खरंच सुख वाटतं. बाहेर धुकं, आत फोडणीचा वास, आई समोर पाठमोरी, आणि मी अर्धी या घरात, अर्धी पाण्याखाली.

मुलीचं आणि तिचं फारसं जमेना, याचं मात्र मला वाईट वाटायचं. मुलगी मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते. "आजी, आर यू इव्हन लिसनिंग?" म्हणून पाय आपटायची. आई मला म्हणायची, "तिचं तोंड येगळंच हलतंय." मी हसून सोडून दिलं. इंग्रजीबद्दल म्हणत असेल, असं मला वाटलं.

ऑक्टोबरात एका रविवारी आम्ही दोघीच उत्तरेला स्क्वामिश गावाकडे निघालो होतो. धो धो पाऊस. त्या रस्त्याला बर्फासाठीचे खरबरीत विंटर टायर्स लागतात म्हणून नवऱ्यानं आदल्याच दिवशी घातले होते, आणि त्या टायरांचा असा घोंघाट की रेडिओ बंद करावा लागला. वायपर चालू, हीटर चालू. डाव्या हाताला समुद्र, राखाडी. बरेच दिवस मनात घोळत होतं ते मी तिथं बोलून टाकलं. समोर रस्त्याकडे बघतच बोलले, कारण तिच्याकडे बघून मला बोलवलं नसतं. म्हटलं, "आई, आता इथंच राहा. कायमची. तिकडं एकटी काय करणार आहेस? मला तू इथं हवी आहेस."

आई खिडकीबाहेर बघत होती. तिनं शाल नीट केली. मग म्हणाली, "ह्यो पाऊस काय थांबत न्हाई आज."

मला ते फार लागलं. खरंच लागलं. मी तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी म्हटलं, नको तर नको, नाही म्हणायचं जिवावर येतं म्हणून पावसावर ढकललं. मानीपणा आमच्या घरात पिढीजात आहे. नवरा आठवण करून द्यायचा, "आईंचा व्हिसा एक्स्टेंड करायला अप्लाय करायचं असेल तर आताच कर ना, नंतर धावाधाव होते." मी म्हणायचे, बघू. तिकीट कॅन्सल केलं नाही. आईनंही हळूहळू बॅग भरायला घेतली. इथून न्यायचे बदाम, तिच्या नणंदेला स्वेटर. मी तिला स्वेटरची घडी घालून द्यायचे आणि रात्रीच्या भांड्यांवर राग काढायचे.

नोव्हेंबरात एकदा ती माझ्या टेबलाजवळ आली. "काय आयकतीस गं सारखं? मलापण दाव." मी खूष झाले. तिला खुर्चीत बसवलं, हेडफोन लावले, आणि आधी दाढीवाला सील लावला, माझा आवडता. शीळ वरून सुरू झाली. आईचा चेहरा कोराच. मी आवाज वाढवला. शीळ गिरक्या घेत खाली आली, अगदी तळाला गेली, तेव्हा कुठं तिच्या भुवया हलल्या. "शेवटाला कोन तरी कण्हतंय," ती म्हणाली.

मग बेलुगांच्या गप्पा लावल्या, एरवी मुलगी ज्या ऐकून खिदळते त्या. आई वाट बघत बसली. "लाव की."

"लावलंय आई."

"काय न्हाई लागलेलं."

मी हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावून बघितली. नुसता कल्लोळ होता. मी आवाज आणखी वाढवला. ती माझ्याकडे बघून मान हलवत राहिली. एवढ्यात त्या रेकॉर्डिंगमध्ये लांबून जहाज आलं, आणि आई एकदम म्हणाली, "हां, आलं! इंजान हाय काय तरी. चांगलं वाजतंय."

मी स्क्रीनकडे बघितलं. खाली जाड काळा पट्टा, वर नाजूक रेघा. वरच्या सगळ्या रेघा तिच्यासाठी नव्हत्याच. तिला फक्त पट्टा ऐकू येत होता. गोंगाटात राहिलेल्या कानांचं काय होतं, ते मी नोकरीत शिकलेली बाई. बारीक, वरचे आवाज आधी जातात. व्हिडिओ कॉलवर ती कायम म्हणायची, "फोन तोंडासमोर धर, नीट दिसू दे." मी समजायचे, आईला माझं तोंड बघायचं आहे. आणि मी इकडं तिकडं फिरत, पाठ करून, पोळ्या लाटत बोलायचे तेव्हा तिचं चालायचं, "बरं, बरं. जेवलीस काय?" मी तिला त्यावरून चिडवायचे.

मग गाडीतला तो पाऊस आठवला. विचारावं का, विचारावं का, असं करत मी आणखी काही दिवस घालवले. खरी गोष्ट अशी की आता मला भीती वाटत होती. तिनं ऐकलं नसेल, तर मला अजून आशा होती. ऐकून पावसावर ढकललं असेल, तर ती आशा पण जाणार होती.

मग वादळ आलं. इथं नोव्हेंबरात वारा सुटतो, झाडं तारांवर पडतात. दुपारची वेळ होती, मुलगी शाळेत, नवरा ऑफिसात. मी हेडफोन लावून बसले होते. लॅपटॉपचा उजेड तेवढा राहिला आणि बाकी सगळं गेलं. हेडफोन काढले तर फ्रिज गप्प, हीटर गप्प. शेजारच्या क्रेननं मधेच मान टाकलेली. कानात तेच जुनं सूं. खाली रस्त्यावर कुणीतरी खोकलं.

आई ओट्याशी मेथी निवडत होती. तिनं वरच्या विझलेल्या दिव्याकडे बघितलं, हात पदराला पुसले, आणि सावकाश चालत येऊन माझ्या समोरच्या खुर्चीत बसली. खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर होता. आता वाटतं, तिनं खुर्ची बघूनच निवडली.

"लाईट गेली," ती म्हणाली.

"हो."

"एक बोलायचं होतं. लई दिवस ठेवलंय." तिचा आवाज मी इतका हलका कधी ऐकला नव्हता. आमच्याकडे सगळी माणसं ओरडूनच बोलतात, मागांची सवय. "मी जाते आता, त्याचं काय न्हाई. पर एक विचारते, रागावू नकोस. तू एकदा पण ऱ्हा म्हणाली न्हाईस. मला वाटायचं, म्हणंल. आज म्हणंल, उद्या म्हणंल. माझी अडचण हुती का तुला?"

हातानं तोंड झाकून मी म्हटलं, "म्हटलं होतं गं."

"हात काढ. तोंडावरचा हात काढ, मला दिसंना."

मी हात काढला. सांगितलं, स्क्वामिशच्या रस्त्यावर, पावसात, गाडीत.

"गाडीत?" आईला हसू आलं, आणि डोळे भरले, दोन्ही एकदम. "गाडीत मला कुठं काय कळतंय? आणि तू तर समोर बघत हुतीस."

"कधीपासून येत नाही ऐकू?"

"तुझे बाबा हुते तवापास्नं कमीच हाय. आता जरा जास्त."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "म्हातारीला आयकू येत न्हाई म्हटल्यावर तू फोन करायची बंद झाली असतीस. कशाला बोलंल कोण भिंतीसंगं."

मला माझाच इतका राग आला, आणि तिचाही, आणि त्या चार मागांचा, ज्यांच्यावर मी शिकले. मी तिच्याशी त्या सगळ्यावर भांडणार होते. भांडण संपल्यावर विचारणार होते. तोंड उघडलं, आणि लाईट आली. फ्रिजला हिसका बसला, हीटर सुरू झाला, क्रेन कुरकुरायला लागली, ओट्यावरचा पंखा चालू राहिला होता तो घरघरू लागला.

आई उठली. सवयच ती. लाईट आली की बोलणं संपलं, उरलेलं पुढच्या वेळी. ती मेथीकडे निघाली.

मी तिचं मनगट धरलं आणि तिला माझ्याकडे वळवलं. मग मी खात्यात बोलत तसं बोलले. आवाज न काढता, नुसते ओठ, नीट, सावकाश. राहा.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. माझा अजिबात आवाज निघालेला नव्हता, हे मी शपथेवर सांगते.

"ऱ्हाते की," ती म्हणाली. "पर एवढं वरडतीस कशाला? आयकू येतंय मला."